गिटारच्या सॉलिड टॉपला पूर्ण गुण, नटाला शून्य

पंधरा हजारांच्या आसपासची, सॉलिड स्प्रूस टॉपची (म्हणजे वरची फळी एकसंध स्प्रूस लाकडाची असलेली) ही अकूस्टिक गिटार मी फेब्रुवारीत घेतली. तिची बाकीची वैशिष्ट्ये सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ज्या नटाने, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीने, इतके महिने माझा जीव खाल्ला त्याबद्दलच लिहितो.

या प्लास्टिकच्या पट्टीतील खाचा कारखान्यातच उथळ राहिल्या होत्या. मोकळ्या सहाही तारा ट्यूनरवर अचूक लागत, पण पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी पहिलीवर) बोट दाबताच तार जास्त ताणली जाऊन स्वर चढा होई आणि एफ (F) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, धरताना मनगट भरून येई. बोटांची तीच ठेवण तिसऱ्या फ्रेटवर नेली की ‘जी’ (G) कॉर्ड सहज वाजे. तेव्हा दोष बोटांचा नव्हता.

मार्चमध्ये तक्रार केली तेव्हा दुकानदार म्हणाले, ‘सवय होईल’. जुलैत म्हणाले, ‘पुण्याच्या पावसात असं व्हायचंच’. दमट हवेत वरची फळी फुगून तारा उचलल्या जातात हे खरेच, पण मार्चमधल्या तक्रारीला जुलैचा पाऊस कसा कारणीभूत, हे कोणी सांगितले नाही. शेवटी त्यांनी सातशे रुपये घेऊन सॅडल, म्हणजे तारा दुसऱ्या टोकाला जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासले. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्याने सॅडल १ मिलिमीटर उतरवले की तेथे तार अर्धा मिलिमीटर खाली येते. पहिल्या फ्रेटवर मात्र मिलिमीटरचा जेमतेम अठरावा हिस्सा. एफ होता तसाच राहिला.

गिटार विकण्याच्या बेतात असताना तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या एका कारागिरांना ती दाखवली. त्यांनी दुसऱ्या व तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहिली. ती केसाएवढी हवी. येथे व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत होते. हाडाचा नट बसवून, प्रत्येक खाच तारेच्या जाडीनुसार बारीक कानशीने उतरवून त्यांनी साडेचारशे रुपये घेतले.

त्यानंतर माझे मत बदलले. एफ पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ वाजला, आणि खर्जाच्या तारांचा भरदार नाद ऐकून सॉलिड टॉपसाठी जास्त पैसे मोजल्याचे समाधान प्रथमच वाटले. फ्रेटची टोके व खुंट्या यांबाबत या किमतीत तक्रारीला जागा नाही.

घेणाऱ्यांनी फटीची ही चाचणी दुकानातच करावी आणि नट दुरुस्त करून देण्याचे पावतीवर लिहून घ्यावे. माझे सातशे रुपये अद्याप परत मिळालेले नाहीत.