पहिला मुक्कामी ज्यू कॅम्प : रामाह की रिफॉर्म, आणि किती दिवसांचा?

अमेरिकेतल्या बेने इस्राएल (म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या) घरांत, आणि आई-वडिलांपैकी एक मराठी व एक ज्यू असलेल्या घरांतही, मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की समर कॅम्पचा विषय निघतो. माहितीपत्रकं पाहून काही ठरत नाही. सगळीकडे तेच तळं, त्याच होड्या, तीच हसरी मुलं. खरा फरक पहिल्या आठवड्यात दिसतो, म्हणून इथे तुलना त्या आठवड्याचीच. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पालकांना जवळ पडणारे कॅम्प घेतले आहेत. ज्यूंमधल्या, परंपरा जास्त पाळणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचे ‘रामाह’ कॅम्प न्यूयॉर्क राज्यातल्या विंगडेलला आणि पेनसिल्व्हेनियातल्या लेकवूडला आहेत. नियमांत मोकळ्या असलेल्या रिफॉर्म पंथाचे हार्लम आणि आयझनर हे कॅम्प अनुक्रमे कंकलटाउन आणि ग्रेट बॅरिंग्टनला. दोन्ही परंपरा मुरलेल्या आहेत: पहिला रामाह १९४७ साली विस्कॉन्सिनमध्ये निघाला, रिफॉर्मचा पहिला कॅम्प १९५२ साली त्याच राज्यात.

आधी दिवस ठरवा

पंथाच्या आधी मुक्काम किती दिवसांचा, हे ठरवा. ‘आधी एक आठवडा पाठवून बघू’ हा विचार सावधपणाचा वाटतो, पण मला तो चुकीचा वाटतो. बहुतेक मुलांना पहिले दोन-चार दिवस जड जातात. त्यातला पहिला दिवस तर डोक्यात उवा आहेत का ते पाहणं, औषधं नर्सकडे देणं आणि पोहण्याची चाचणी यातच जातो. केबिनमधल्या मुलांची नावं पाठ होऊन, कुणाशी तरी गट्टी जमते न जमते तोवर एका आठवड्याच्या मुलाची बॅग भरायची वेळ येते. घरी परत येतो तो फक्त अवघड भाग अनुभवून. लहान मुलांसाठी साधारण दोन आठवड्यांचं सुरुवातीचं सत्र बऱ्याच ठिकाणी असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी तेच बरं. मामाकडे किंवा मित्राकडे दोन रात्रीही कधी न राहिलेल्या मुलाला एकदम चार आठवडे मात्र नको.

दिवसभराचा कॅम्प, म्हणजे सकाळी बसने जाऊन संध्याकाळी परत, हा तिसरा पर्याय. रामाहचाच असा एक कॅम्प न्यूयॉर्कमध्ये नायॅकला आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला उत्तम. पण शुक्रवारी दुपारी तो संपतो आणि शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) घरीच होतो, त्यामुळे मुक्कामी कॅम्पशी त्याची तुलना फार पुढे जात नाही.

रोजचा दिवस आणि शुक्रवारची संध्याकाळ

रामाहमध्ये रोज सकाळी प्रार्थना असते आणि ती बहुतांशी हिब्रूत. केबिन, भोजनगृह, खेळ या सगळ्यांना हिब्रू नावं, घोषणाही बऱ्याचशा हिब्रूत. ज्यू शाळेत जाणारी मुलं यात सहज मिसळतात. आठवड्यातून एकदा सिनेगॉगच्या वर्गाला जाणारं मूल पहिले तीन दिवस बावरतं, मग बाकीच्यांचं पाहून टेबल बडवत जेवणानंतरची प्रार्थना म्हणायला लागतं. रिफॉर्म कॅम्पमध्येही हिब्रू शब्द आहेत, पण प्रार्थना सुटसुटीत, गिटारसह, आणि इंग्रजीचा आधार जास्त. घरी फारसं काही पाळत नसाल, तर मुलाला तिथे पहिल्या दिवसापासून परकं वाटत नाही.

शब्बाथला हा फरक ठळक होतो. सत्र मंगळवारी सुरू झालं, तर मुलाचा सगळ्यात हळवा काळ आणि पहिला शब्बाथ एकत्र येतात. दोन्हीकडे शुक्रवारी दुपारी साफसफाई, अंघोळी, बरे कपडे, मग गाणी आणि ‘हल्ला’ नावाचा शब्बाथचा विणलेला पाव. रिफॉर्मकडे त्या रात्री गिटार वाजते. रामाहमध्ये वाद्यं बंद, आणि शनिवारी रात्री हवदालाची, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याच्या विधीची, विणलेली मेणबत्ती पेटेपर्यंत कॅमेरेही बंद. म्हणजे पालकांना दीड दिवस एकही फोटो दिसणार नाही. इतर दिवशी दर तासाला कॅम्पच्या पानावर आपलं मूल शोधणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरावं.

माझा कौल असा: घरी शुक्रवारी दिवे लागत असतील आणि शनिवार जरा वेगळा असेल, तर रामाह. रामाहचा शब्बाथ शांत असतो, आणि सवय असलेल्या मुलाला त्यात घर सापडतं. सवय नसलेल्याला तो लांबलचक वाटू शकतो. मिश्र कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहायची. रिफॉर्म चळवळीने १९८३ साली, आई किंवा वडील यांपैकी कुणीही एक ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढत असेल तर ते ज्यू, असं मान्य केलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथ आईकडून पाहतो. बाबा ज्यू आणि आई मराठी हिंदू असेल, तर रामाहच्या संचालकांशी नोंदणीआधीच मोकळेपणाने बोला. मुलाला ही गोष्ट केबिनमध्ये कळू नये.

फोन, पत्रं, आजी

यात दोन्हीकडे फारसा फरक नाही. मुलांना फोन नाही, आणि अलिबागच्या आजीसाठी अपवादही नाही. पालकांची ईमेल छापून मुलाला देतात. मूल हाताने पत्र लिहितं. दुसऱ्या दिवशी लिहिलेलं ‘मला घरी न्या’ सहाव्या दिवशी तुमच्या हातात पडतं, तेव्हा लेखक तळ्यात डुंबत असतो. काळजी वाटली तर कॅम्पला फोन करून काउन्सेलरशी, म्हणजे केबिनमधल्या मुलांना सांभाळणाऱ्या ताई-दादाशी, बोलायचं. ‘नाही आवडलं तर घ्यायला येईन’ असं निघताना अजिबात म्हणू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये घराच्या ओढीवर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यातही असा सौदा टाळायला सांगितलं आहे.

आपल्या मुलापुरतं थोडं

केबिनमधली बहुतेक मुलं युरोपीय वंशाच्या घरांतली असतील. सावळ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारणार: तू ज्यू कसा? दोन वाक्यांचं उत्तर घरीच तयार करून द्या. कोकणातले बेने इस्राएल, अनेक शतकांपासून तिथले, एवढं पुरे. असा प्रश्न काउन्सेलर कसा हाताळतात, हे नोंदणीआधी दोन्हीकडे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर माझ्या लेखी तो कॅम्प यादीतून गेला.

जेवणात रामाह काटेकोर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं; मांस आणि दूध एकत्र नाही. रिफॉर्म कॅम्पचे नियम ठिकाणागणिक बदलतात. मटणात दुधा-दह्याऐवजी नारळाचं दूध घालणाऱ्या घरातल्या मुलाला मांस आणि दूध वेगळं ठेवणं नवं नाही. शाकाहारी मुलाचं पास्ता आणि सॅलडवर भागतं, पण शुक्रवारी रात्री चिकनच्या जागी काय मिळतं ते विचारून ठेवा.

दुसरं सत्र घेणार असाल, तर तारखाही पाहा. २०२६ मध्ये तिशा ब’आव, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपास, आपला बिरड्याचा रोजा, २२ जुलैच्या संध्याकाळी लागतो. दुसरं सत्र त्याच सुमारास सुरू झालं, तर मुलाच्या पहिल्या आठवड्यातच जमिनीवर बसून विलापगीतं ऐकण्याची रात्र येईल. मोठ्या मुलाला ती आवडेलही. आठ वर्षांच्या नवख्यासाठी मी पहिलं सत्र निवडेन.

खर्चात रामाह काय, रिफॉर्म काय, आठवड्याला हजार डॉलरच्या वरच जातो. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांसाठी ‘वन हॅपी कॅम्पर’ योजनेतून कमाल १,००० डॉलर मिळू शकतात. रक्कम प्रदेश आणि मुक्कामाचे दिवस यांवर ठरते. शिवाय आपल्या सिनेगॉगमध्ये आणि कॅम्पच्या कार्यालयातही मदत मागावी. अर्ज हिवाळ्यातच करा. उन्हाळा जवळ आला की लहान मुलांच्या केबिन भरलेल्या असतात.