रोबोटने स्तन काढणे: व्रण लपतो, गाठीचं काय?

गोव्यातून रोबोटने कॅन्सरचा स्तन काढण्याच्या या शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्या बाईला आधी ‘छोटा छेद, व्रण दिसत नाही’ हेच सांगितलं जातं. ते खरं आहे. काखेजवळच्या ३ ते ६ सेंटीमीटरच्या छेदातून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात, कार्बन डायऑक्साइडने पोकळी फुगवतात आणि स्तनाग्र व त्वचा राखून आतला भाग काढतात. रोबोट आपणहून काही कापत नाही. हात सर्जनचाच, फक्त कन्सोलवरून, म्हणजे शेजारच्या नियंत्रण-यंत्रावरून.

बिघडतं ते त्वचेच्या जाडीत. त्वचा फार पातळ सोडली किंवा कॉटरीची (विजेने कापून रक्त थांबवणाऱ्या हत्याराची) उष्णता लागली तर रक्तपुरवठा तुटतो आणि स्तनाग्र काळं पडतं. जाड सोडली तर स्तनाचा ऊतक मागे राहतो. रोबोटशिवायच्या, उघड्या शस्त्रक्रियेत बोटांना हा फरक कळतो; बहुतेक रोबोटमध्ये स्पर्श पोचत नाही, नजरेवरच भागवावं लागतं. मोठा स्तन अरुंद छेदातून ओढताना फाटला, तर गाठ पूर्ण निघाली का हे सांगणाऱ्या कडा पॅथॉलॉजिस्टला नीट वाचता येत नाहीत. म्हणून मोठ्या स्तनाला, त्वचेपर्यंत किंवा स्तनाग्रापर्यंत पोचलेल्या गाठीला ही पद्धत आम्ही सुचवणार नाही.

मिलानमधल्या ८० बायकांच्या चाचणीत गुंतागुंत उघड्या पद्धतीइतकीच होती आणि समाधान जास्त. वेळ मात्र उघड्या पद्धतीपेक्षा सव्वा तासाहून जास्त लागला. पण ८० जणींवरून कॅन्सर परतण्याचा हिशेब मांडता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने) फेब्रुवारी २०१९ मध्ये सावध केलं होतं ते कॅन्सरबाबत असा पुरावा नसल्यामुळेच. आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर साडेचार वर्षांनी ८६ टक्के बायका रोगमुक्त होत्या, उघड्या शस्त्रक्रियेनंतर ९६.५ टक्के. स्तनाचंही तसंच होईल असं नाही, पण छोटा छेद म्हणजे सुरक्षित, हे गृहीत धरता येत नाही.

सर्जनला थेट विचारा: स्तनाच्या अशा किती केल्या? रोबोटने केलेल्या प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांचा अनुभव इथे मोजू नका. स्तनाग्रामागचा तुकडा तपासायला पाठवणार का? अडलं तर छेद मोठा कराल ना? शेवटच्या प्रश्नावर जो कचरतो, त्याच्याकडे जाऊ नये.

मुंबईला जाऊन करणार असाल तर काणकोण-सत्तरीला परतण्याची घाई नको. त्वचा काळपट होणं पहिल्या काही दिवसांतच दिसतं, आणि ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) सहसा त्यातलं पाणी २४ तासांत ३० मिलीलीटरच्या खाली आल्यावरच काढतात. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना किंवा खासगी विम्यातून रोबोटचा जादा खर्च मिळतो का, तेही तारीख ठरवण्याआधी लेखी घ्या. गाठ लहान असेल आणि स्तन राखता येत असेल, तर रोबोटची गरजच नाही. साधी लम्पेक्टॉमी (फक्त गाठ काढणं) आणि रेडिएशन यांच्यामागे दशकांचा पुरावा आहे.