याचा गल्ला कुठं हाय?

आमच्या भागात कापूस घरात आला की माणसं येतात. कोणी सोलरवाला, कोणी शेळीपालनवाला, कोणी पैसे दुप्पट करणारा. यंदा खाऊच्या मशीनवाले पुन्हा फिरताहेत असं दिग्रसच्या एका दुकानदाराकडून कळलं, म्हणून लिहायला बसलो. नाही तर ६,४०,००० रुपये कसे घालवले हे चारचौघांत सांगण्यात काही भूषण नाही.

आमचं दारव्हा तालुक्यात रोडवरच्या गावात किराणा दुकान आहे. बाबांनी सुरू केलेलं. त्याला जोडून आमची खाऊची लाईन. लहान भाऊ छोटा हत्ती घेऊन आठवड्यातून चार दिवस निघतो आणि अठरा गावांतल्या चाळीसेक दुकानांना पोंगे, चिवडा, शेव, बिस्किटं, गोळ्या टाकतो. पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा हाच खरा धंदा. माय आणि माझी बायको घरी फुटाणे-मुरमुरे भरून पाकिटं सील करतात, त्यावर आमचं एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षा नोंदणीचं लेबल लागतं. म्हणजे आम्ही या धंद्यात नवखे नव्हतो. उलट आपल्याला सगळं समजतं, हीच आमची अडचण झाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली. ‘जिल्हा फ्रँचायझी, वेंडिंग मशीन आणि स्नॅक सप्लाय, माल न विकल्यास कंपनी परत घेणार.’ मी नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला. पोरगी मराठी बोलणारी, नागपूरकडचीच वाटली. तिनं एक पीडीएफ पाठवलं. त्यात आधीच्या फ्रँचायझीवाल्यांची नावं, गावं आणि मोबाइल नंबर होते. ‘आमच्यावर नका विश्वास ठेवू दादा, त्यांनाच विचारा,’ असं ती म्हणाली. यापेक्षा सरळ बोलणं कोणतं असणार?

मी वर्धा जिल्ह्यातल्या एकाला फोन लावला. तो म्हणाला, ‘भाऊ, सुरुवातीला जरा वेळ लागतो, मग बरोबर चालते. माझ्या दोन मशीन आहेत, तिसरी सांगितली.’ पैसे वेळेवर येतात का, हे मी दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा हो म्हणाला, पण दुसऱ्यांदा हो म्हणायच्या आधी थोडा थांबला होता. ते मला फार नंतर आठवलं.

डिसेंबरात नागपूरला वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात बैठक झाली. तिथंच अकरा हजार टोकन भरलं. हिशेब असा मांडला होता: एका मशीनची रोजची विक्री अडीच हजार, त्यावर तीस टक्के मार्जिन, तीन मशीनचे महिन्याला साडेसदुसष्ट हजार. आमच्या लाईनला पाच रुपयांच्या पुडीमागं किती सुटतं हे मला तोंडपाठ आहे. तरी तीस टक्के ऐकून मी मान हलवली.

जानेवारीत पैसे भरले. डिपॉझिट १,५०,०००, तीन मशीनचे ३,९०,०००, पहिल्या मालाचे १,००,०००. तीस क्विंटल कापूस सात हजारानं काढला, त्याचे २,१०,०००. बायकोचं सोनं गहाण ठेवून १,८०,०००. उरलेले अडीच लाख पतसंस्थेतून. बाबांनी सही केली, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

३ फेब्रुवारीला मशीन आल्या. ट्रकमधून उतरवायला सहा माणसं लागली. काच चकचकीत, आत स्प्रिंगच्या रांगा, बटन दाबलं की स्प्रिंग फिरते आणि पुडी खाली पडते. गावातली पोट्टी शाळा सोडून अंगणात जमली. बाबा मशीनभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘याचा गल्ला कुठं हाय?’

मी हसलो. म्हटलं, बाबा, आता गल्ला नसतो, क्यूआर असतो. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पैसे ऑनलाइन जातात.

‘कोनाच्या खात्यात?’

‘कंपनीच्या. ते दर मंगळवारी आपल्याला टाकतात.’

बाबा काही बोलले नाहीत, दुकानात जाऊन बसले. सगळी गोष्ट इथंच संपते खरं तर. माल आमचा, जागा आमची, वीजबिल आमचं, आणि गल्ला कंपनीकडं. कोणत्याही किराणावाल्याला हे दिसायला हवं होतं. तुम्ही मशीन घेणार असाल तर पहिली गोष्ट हीच पाहा. तुमच्या स्वतःच्या चालू खात्याचा क्यूआर मशीनला जोडून देत नसतील, तर ते मशीन तुम्ही विकत घेतलेलं नाही. तुम्ही त्यांची मशीन तुमच्या पैशानं सांभाळताय.

एक मशीन दारव्ह्याला स्टँडसमोर लावलं. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून सगळी गर्दी एसटीवरच. दुसरं एका कॉलेजजवळ, तिसरं कापसाच्या जिनिंग कारखान्यात. स्टँडवरच्या म्हाताऱ्या माणसांकडं यूपीआय नव्हतं. नाणी टाकायची खाच होती, पण तिच्यात दहाचं नाणं अडकायचं. दुपारी व्होल्टेज पडलं की मशीन बंद, म्हणून आठ हजाराचा स्टॅबिलायझर वेगळा घ्यावा लागला. सर्वांत स्वस्त पुडी वीस रुपयांची होती. जिनिंगमधला हमाल वीस रुपयांची मसाला स्टिक घेईल, का दहाचे पोहे खाईल? अडीच हजार राहू द्या, एका मशीनवर रोज चारशे-पाचशे जमत होते.

तरी पहिल्या मंगळवारी ९,८७० आले. दुसऱ्या मंगळवारी ८,२४०. घरात पेढे आणले होते मी, हेही लिहून टाकतो. तिसऱ्या मंगळवारपासून कंपनीच्या ॲपवर ‘पेंडिंग’ लिहून येऊ लागलं.

मालाचं बायकोच्या लक्षात आलं. सील करायचं काम ती करते, त्यामुळे पाकीट हातात आलं की आधी मागची बाजू पाहते. एका खोक्यातल्या पुड्यांवर तारीख जरा जास्तच काळी दिसत होती. तिनं चिंधीवर नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं आणि हलकेच घासलं. वरची तारीख चिंधीवर आली. खाली आधीच्या छपाईच्या पुसट खुणा होत्या, आरशासमोर तिरकं धरल्यावर महिना वाचता आला: सप्टेंबर. माल आमच्याकडं आला फेब्रुवारीत. तो सगळा माल आम्ही त्याच दिवशी मशीनमधून काढला. लेकरांच्या तोंडात जाणारी वस्तू आहे. त्यातला किती आधीच विकला गेला होता, ते विचारू नका.

कंपनीला फोटो पाठवले, माल परत घ्या म्हटलं. उत्तर आलं की करार वाचा. बावीस पानी इंग्रजी करार, मी शेवटच्या पानावर सही करून मोकळा झालो होतो. माल परत घेण्याच्या कलमात लिहिलं होतं की ठरलेल्या विक्रीच्या नव्वद टक्के विक्री झाली असेल तरच, तेही कंपनीच्या मर्जीनं. म्हणजे माल विकला तर परत घेऊ. आमच्या वकिलाला ते वाचून हसू आलं. मला तेव्हा राग आला होता, आता मलाही येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

मार्च संपताना त्याच पोरीचा फोन आला. म्हणाली, दादा, तुमचं पेंडिंग क्लिअर करायचं मनावर घेतलंय सरांनी. फक्त वाशिमकडून एका गृहस्थांचा फोन येईल, त्यांना तुमचा अनुभव सांगा. चांगला सांगा, एवढंच.

फोन आला. रिटायर झालेले शिक्षक होते, बोलणं अगदी अदबशीर. पोरासाठी काहीतरी उभं करायचं होतं त्यांना. त्यांनी विचारलं, ‘पैसे वेळेवर येतात ना?’

मी थोडा थांबलो. मग म्हटलं, ‘सुरुवातीला जरा वेळ लागतो सर, मग बरोबर चालते.’

वर्धेच्या माणसानं मला म्हटलेलं वाक्य होतं ते. जसंच्या तसं माझ्या तोंडून निघालं. संध्याकाळी खात्यात ५,००० आले. बाकीचे आलेच नाहीत. एप्रिलअखेर ॲपवर ४१,००० पेंडिंग होतं, आणि एका सकाळी ॲप उघडणंच बंद झालं. फोन बंद. नागपूरच्या पत्त्यावर गेलो तर तिथं झेरॉक्सचं दुकान.

मग कागद तपासले. हे सगळं पैसे भरायच्या आधी घरबसल्या झालं असतं. मालाच्या बिलावर जीएसटी नंबर होता. पंधरा अक्षरांच्या त्या नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७. यांचे होते ०७, म्हणजे दिल्ली. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, ‘सी’ असेल तर कंपनी आणि ‘पी’ असेल तर एकटा माणूस. लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड छापलेलं आणि सहावं अक्षर ‘पी’. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता नंबर टाकून पाहता येतो. मी टाकला तर रद्द झालेला. पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबरही असाच त्यांच्या साइटवर शोधता येतो. तो निघालाच नाही. मशीनचं तर बिलच नव्हतं. ज्याला मी बिल समजत होतो त्यावर ‘प्रोफॉर्मा’ लिहिलेलं होतं, आणि ते बिल नसतं हे सीएनं सांगितलं.

चेकचं ऐका. डिपॉझिटच्या बदल्यात त्यांनी दीड लाखाचा चेक दिला होता, ‘सिक्युरिटी म्हणून ठेवा, लावू नका, संबंध खराब होतात.’ मी तो देव्हाऱ्यात ठेवला. त्यावर ३ फेब्रुवारीची तारीख होती. १३ मेला बँकेत टाकला, तर मुदत संपली म्हणून परत. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. मुदतीत टाकून बाउन्स झाला असता तर तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस वाट आणि मग महिन्याभरात कलम १३८ ची केस करता आली असती. ‘लावू नका’ म्हणाले ते उगाच नव्हतं. असा चेक कोणी दिला तर तारीख पाहा आणि मुदतीत लावा, संबंध गेले खड्ड्यात.

मे महिन्यात वाशिमला गेलो. बायको म्हणाली फोनवर सांगा, पण ते काही पटलं नाही. उन्हाचा पार कहर होता, सरांच्या ओसरीत मशीन थर्माकोलसकट उभं होतं. पॅकिंगसुद्धा पूर्ण काढलं नव्हतं. त्यांनी माझ्याशी बोलल्यावर आठ दिवसांनी पैसे भरले होते. मी म्हटलं, सर, फोनवर बोललो तो मीच. त्यांच्या घरच्या आतून पाणी घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

सरांनी विचारलं, ‘तुम्हाला त्याचे काही भेटले का?’

‘पाच हजार.’

त्यांनी वही उघडली, चष्मा लावला आणि तारीख विचारून लिहून घेतलं. मग माझ्या मोबाइलवरचा बँकेचा मेसेज पाहून व्यवहाराचा नंबरही उतरवला. म्हणाले, ‘हे कामाचं आहे.’ मी आणलेले पाच हजार त्यांनी घेतले, मोजले आणि वहीत जमा लिहिले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनीच पुढं अर्ज तयार केला. वर्धेच्या माणसालाही मी गाठलं. त्यालाही ‘तीन फोन घ्या, पेंडिंग सोडतो’ असं सांगितलेलं होतं. तिघांनी मिळून तक्रार दिली, कारण एकट्याचा अर्ज पाहिला की ‘हा धंद्यातला वाद, दिवाणीत जा’ म्हणतात, आणि तीन जिल्ह्यांतली तीच पीडीएफ, तोच करार, तेच खातं समोर ठेवलं की कागदाला वजन येतं. करारात दिल्लीचं कोर्ट लिहिलंय म्हणून फसवणुकीची तक्रार दिल्लीतच करावी लागते असं नाही, घाबरू नका. पूर्वीचं ४२० म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ग्राहक आयोगात धंद्यासाठीच्या खरेदीची तक्रार चालत नाही म्हणतात, पण स्वतःच्या रोजीरोटीसाठी घेतलेल्या वस्तूला ही आडकाठी लागू नाही. आमचा वकील ती बाजू मांडतोय. तारखा पडताहेत.

पतसंस्थेचा हप्ता लाईनमधून जातो. भाऊ आता आठवड्यातून सहा दिवस गाडी काढतो. सोनं अजून सुटलं नाही. दोन मशीन भंगारवाल्यानं किलोवर मागितल्या, तिसरीतला कॉम्प्रेसर एका फ्रिजवाल्यानं नेला. मागच्या पत्र्यावरचं स्टिकर त्यानंच खरवडलं. खाली २०१६ साल होतं.

त्या पीडीएफमध्ये आता माझाही नंबर आहे. नाव बदलून कोणीतरी तीच यादी पुन्हा चालवतंय, कारण अनोळखी फोन येतात: ‘दादा, तुमचा मशीनचा अनुभव कसा आहे?’ मी प्रत्येक फोन घेतो, वावरात असलो तरी, रात्री असला तरी. गेल्या आठवड्यात मलकापूरकडच्या पोराचा आला. मी त्याला सगळं सांगू लागलो, तर दोन मिनिटं ऐकून तो हळूच म्हणाला, ‘भाऊ, मी सकाळीच भरले न पैसे.’

मी म्हटलं, फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता १९३० लाव, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. बँकेत नंतर जा, आधी १९३०.