सीबीसी मशीनसाठी कंपनीचं रीएजंट की कम्पॅटिबल?

रक्तपेशी मोजणाऱ्या थ्री-पार्ट (पांढऱ्या पेशींचे तीन गट करणाऱ्या) मशीनची वॉरंटी संपली की कम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याच मशीनसाठी बनवलेल्या, रीएजंटचे (तपासणीच्या द्रावणांचे) फोन सुरू होतात. गोव्यातल्या डिचोली, साखळी, पेडण्याकडच्या लहान लॅबना हा हिशेब टाळता येत नाही. दिवसाला मोजकीच सीबीसी असली तरी मशीन चालू-बंद करतानाची धुलाई ठरलेलीच, म्हणून एका टेस्टमागे डायल्युएंट (रक्त पातळ करायचं द्रावण) मोठ्या लॅबपेक्षा जास्त जातं. मी दोन्ही वापरली आहेत.

दरात कम्पॅटिबल पुढे आहे, त्यावर वादच नाही. माल मिळण्यातही मला ते सोयीचं वाटलं.

हिमोग्लोबिनमध्ये नोंद घ्यावी असा फरक दिसला नाही. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) थोडा सरकला. डायल्युएंटची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) जराशी बदलली तरी लाल पेशी फुगतात किंवा आक्रसतात. कॅलिब्रेशन केल्यावर तो जागेवर आला. लाइजने (लाल पेशी फोडणाऱ्या द्रावणाने) जरा जास्त काम लावलं. लाइजनंतर पांढऱ्या पेशी किती आक्रसतात यावरच थ्री-पार्टची वर्गवारी उभी असते, त्यामुळे मिड सेल्सचे (मधल्या आकाराच्या पेशींचे) फ्लॅग, म्हणजे मशीनचे इशारे, वाढले आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली) जास्त बघावे लागले. तेवढं मी चालवून घेतलं असतं.

माझा निर्णय झाला तो प्लेटलेटवरून.

आपल्या या मशीनमध्ये प्लेटलेट आणि लाल पेशी एकाच चेंबरमध्ये, फक्त आकारावरून मोजल्या जातात. डायल्युएंटमधला बारीक कण, बुडबुडा, उघड्या कॅनमध्ये वाढलेले जंतू, सगळं प्लेटलेट म्हणूनच मोजलं जातं. त्यात या मोजणीसाठी रक्त हजारो पटींनी पातळ केलेलं असतं, म्हणजे डायल्युएंटमधली थोडी घाणही रिपोर्टमध्ये तितक्याच पटींनी मोठी होऊन उतरते. बऱ्याच मशीन्समध्ये 10 हजारांपर्यंतचं बॅकग्राउंड (रक्त न घालताच मोजला जाणारा प्लेटलेटचा आकडा) पास होतं. अडीच लाखांच्या काउंटमध्ये ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पावसाळ्यात डेंग्यूचा रुग्ण 14 हजारांवर असतो तेव्हा त्यातले सहा-सात हजार बॅकग्राउंडचे निघाले तर? रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवण्याचा विचार 10 हजारांच्या खाली होतो. म्हणजे डॉक्टरांचा निर्णय आपल्या कॅनवर अवलंबून राहतो, आणि हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

कम्पॅटिबल डायल्युएंटवर माझं सकाळचं बॅकग्राउंड पास व्हायचं, पण वरच्या टोकाला. नवा कॅन लावला की दोन-तीनदा प्राइम करावं (नळ्यांतून नवं डायल्युएंट फिरवावं) लागे. रुग्णाचे नातेवाईक बाहेर रिपोर्टसाठी ताटकळत असताना मी कमी आलेला प्रत्येक काउंट स्मिअरवर पडताळत बसायचो. कमी काउंट स्मिअरवर बघायचाच असतो, मान्य; पण तेव्हा शंका रुग्णाच्या रक्ताबद्दल असावी, डायल्युएंटबद्दल नको. कंपनीच्या डायल्युएंटवर हेच बॅकग्राउंड माझ्याकडे शून्य ते एक हजाराच्या आसपास राहतं.

सगळी कम्पॅटिबल अशीच असतील असं मी म्हणणार नाही. फाइव्ह-पार्ट (पांढऱ्या पेशींचे पाच गट करणाऱ्या) मशीनमध्ये प्लेटलेट ऑप्टिकल (प्रकाशाच्या) पद्धतीनेही मोजता येत असतील, तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. रुग्ण मुख्यतः हिमोग्लोबिन आणि रूटीन तपासणीचे असतील, तर वाचणारे पैसे खरेच आहेत.

बदल करायचाच असेल तर नुसत्या कंट्रोलवर (आकडे आधीच ठाऊक असलेल्या तयार नमुन्यावर) विसंबू नका. कंट्रोलमधल्या पेशी स्थिर केलेल्या असतात, नव्या लाइजला त्या ताज्या रक्तासारखा प्रतिसाद देतीलच असं नाही. ताजे ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या नळीतले) नमुने दोन्ही रीएजंटवर लावा, त्यात 50 हजारांखालच्या प्लेटलेटचे काही हवेतच. एमसीएचसी (लाल पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) 32 ते 36 च्या बाहेर सगळ्याच नमुन्यांत एका दिशेने जाऊ लागला तर तिथेच थांबा. डायल्युएंट एकाचं आणि लाइज दुसऱ्याचं, असं मिसळू नका. प्रत्येक नव्या लॉटला बॅकग्राउंडचा आकडा वहीत लिहा, नुसतं ‘पास’ नको.

आणि ही चाचणी जानेवारी-फेब्रुवारीत उरका. जून ते चवथीपर्यंत मशीनला हात लावायला फुरसत मिळत नाही, आणि त्या महिन्यांत तरी कंपनीचंच डायल्युएंट लावलेलं मला बरं वाटतं.