सी भाषेत स्ट्रिंग बदलायची: जागच्या जागी की नव्या बफरमध्ये?

स्ट्रिंगमधल्या (म्हणजे अक्षरांच्या ओळीतल्या) सगळ्या स्पेस काढायच्या असतील, तर एक म्हणजे त्याच अ‍ॅरेत पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) फिरवायचे, नाहीतर मॅलॉकने (मेमरी मागणारं फंक्शन) नवा बफर, म्हणजे मेमरीतली वेगळी जागा घेऊन त्यात उत्तर लिहायचं. उत्तर मुळापेक्षा लांब होणार नसेल आणि मूळ मजकूर पुन्हा लागणार नसेल, तर जागच्या जागी करा.

त्यासाठी दोन पॉइंटर पुरतात, एक वाचणारा आणि एक लिहिणारा. वाचणारा दर फेरीत पुढे जातो. लिहिणारा मात्र ठेवायचं अक्षर आलं तरच ते लिहितो आणि सरकतो. तो वाचणाऱ्याच्या पुढे कधीच जात नाही, त्यामुळे न वाचलेलं काही पुसलं जात नाही. लूप संपल्यावर लिहिणाऱ्याच्या जागी शून्य बाइट, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण टाकायलाच हवी. 'ए, बी, स्पेस, सी' मध्ये सी तिसऱ्या घरात येतो, पण चौथ्या घरातला जुना सी तसाच राहतो. शून्य विसरलात तर उत्तर 'एबीसीसी'.

दर स्पेसला मेममूव्हने (मेमरीतला तुकडा हलवणारं फंक्शन) पुढची शेपूट मागे ओढणंही बरोबर चालतं, पण लांब स्ट्रिंगवर वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तिथे स्ट्रकॉपी (स्ट्रिंगची नक्कल करणारं फंक्शन) मात्र नकोच: स्रोत आणि मुक्काम एकमेकांवर चढले की तिच्या वागण्याची हमी नाही.

जागच्या जागी करायला मेमरी लिहिता येण्याजोगी हवी. पॉइंटरला थेट लिटरल (कोडमध्ये अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग) दिली असेल तर लिनक्सवर बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्रॅम बंद पडतो. तीच लिटरल अ‍ॅरेत घेतली की स्वतःची प्रत मिळते.

स्पेसच्या जागी तीन बाइटांचा '%२०' (इंग्रजी अंकांत) घालायचा असेल तर नवा बफर घ्या: मूळ लांबी, अधिक स्पेसच्या दुप्पट, अधिक १. मॅलॉकने नल दिला का (म्हणजे मेमरी मिळाली नाही का) ते तपासा, आणि फ्री कोण करणार, म्हणजे ती मेमरी परत कोण देणार हे फंक्शनच्या कॉमेंटमध्ये लिहा. सुरुवातीच्या स्पेस टाळायला पुढे सरकवलेला पॉइंटर फ्रीला देऊ नका. मॅलॉकने दिलेला मूळ पत्ता जपून ठेवा.

देवनागरी मजकुरात आणखी जपावं लागतं. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत 'मराठी' १५ बाइटांची आहे. स्ट्रिंग उलटी करायला दोन टोकांचे पॉइंटर बाइट अदलाबदल करत आत आले तर मजकूरच मोडतो. स्पेस काढणं सुरक्षित आहे, फक्त इझस्पेसला (अक्षर स्पेस आहे का ते सांगणारं फंक्शन) बाइट देताना तो अनसाइन्ड कॅर या ऋण नसणाऱ्या प्रकारात कास्ट करा (बदला), कारण अनेक कंपायलरांत देवनागरीचे बाइट साध्या कॅरमध्ये ऋण होतात.