बॉशचा व्हीई पंप: टर्बोच्या दाबावर डिझेल मोजणारा डायफ्राम कितपत भरवशाचा?

लँड रोव्हरच्या २४९५ सीसी, ३०० टीडीआय इंजिनावरचा बॉशचा व्हीई पंप, म्हणजे इंजिनाला डिझेल मोजून देणारा पंप, पान्यांनी समजून घेता येतो. (काही ऑटोमॅटिक गाड्यांवर याचा इलेक्ट्रॉनिक अवतार येतो, तो इथे धरलेला नाही.) पंपाच्या डोक्यावर चार स्क्रूंचं टोपण असतं. त्याखालचा एलडीए नावाचा भाग टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल वाढवतो, तेही सेन्सर किंवा वायरिंगशिवाय.

टर्बोकडून आलेल्या बारीक नळीतून दाब चढला की रबरी डायफ्राम स्प्रिंग दाबत खाली जातो. त्याच्या दांड्याला निमुळता उतार दिलेला आहे आणि त्या उताराला एक आडवी पिन टेकलेली असते. दांडा खाली गेला की आडव्या पिनेला आत सरकायला जागा मिळते, लिव्हर पुढे जातो आणि पंप प्रत्येक स्ट्रोकला जास्त डिझेल देतो. टर्बो जागा होण्याआधी पाय पूर्ण दाबला तरी धुराचा लोट उठत नाही, तो यामुळेच.

सेटिंगची सोय उत्तम आहे. टोपणावरचा मधला स्क्रू बूस्ट (टर्बोचा दाब) नसतानाचं डिझेल ठरवतो. स्प्रिंगखालची दातेरी चकती खाली नेली की स्प्रिंग सैल होते आणि कमी बूस्टलाच डिझेल वाढू लागतं. दांड्याचा उतार मुद्दाम एका बाजूला जास्त खोल केलेला आहे, त्यामुळे डायफ्राम फिरवला की पूर्ण बूस्टवरचं डिझेल बदलतं. उघडण्याआधी डायफ्राम आणि बॉडीवर रंगाची खूण केलीच पाहिजे. दांडा बाहेर काढून उजेडात धरला की उतारावर पिनेने घासलेली चकचकीत रेघ दिसते. दांडा खरोखर किती खाली जातो, ते ती रेघ सांगते. बसवताना दांडा अडला तर ठोकू नका. आडवी पिन भोकात पुढे आलेली असते, ती बोटाने मागे ढकलली की दांडा सरळ उतरतो.

पंपाच्या मागच्या फुल-लोड स्क्रूला (पूर्ण भारावरचं डिझेल ठरवणाऱ्या) हात लावायचाच तर एका वेळी आठवा हिस्सा फेरा, त्यापेक्षा जास्त नाही. तो आत गेला की आयडलिंगही चढतं, आणि फार आत गेला तर इंजिन रेस होऊन आवरत नाही.

बिघाड मोजकेच आहेत. धूर नाही पण चढावर गाडी मरते: डायफ्राम फाटलाय किंवा नळी चिरलीय. नळीच्या जागी हातपंप आणि गेज लावून ०.७ बार दाब द्या. काटा खाली येऊ लागला तर गळती आहे. टोपणाच्या आत डिझेल साचलं तर दांड्याचं सील गेलंय, नुसता डायफ्राम बदलून भागणार नाही. टर्बोचं तेल नळीतून आलं की रबर फुगतं आणि दांडा चिकटतो.

याची खरी उणीव उंचीवर कळते. डायफ्रामच्या खालची बाजू बाहेरच्या हवेला उघडी असते, म्हणजे हा भाग फक्त फरक मोजतो, एकूण हवा नाही. समुद्रसपाटीला १ बार बूस्ट म्हणजे एकूण सुमारे २ बार. लेहला, ३५०० मीटरवर, बाहेरचाच दाब ०.६५ बारच्या आसपास असतो, म्हणून त्याच बूस्टला एकूण १.६५ बारच मिळतात. डिझेल मात्र तेवढंच पडतं. बूस्ट नसताना तर हवा ३५ टक्के कमी असते आणि गाडी हलतानाच काळं ओकते. बॉशने यासाठी एडीए हा वेगळा भाग केला. त्यात हवाबंद डबी असते, बाहेरचा दाब उतरला की ती फुगते आणि डिझेल कमी करते. एलडीएवाल्या पंपाला ही सोय नाही. म्हणून कायम डोंगरात चालणाऱ्या गाडीला मधल्या स्क्रूने बूस्टविनाचं डिझेल कमी करून घ्यावं. खाली सपाटीला उतरल्यावर इंजिन किंचित मंद वाटेल, ते चालवून घ्यावं.

जुना पंप विकत घेताना टोपणाचे स्क्रू आधी बघा. त्यांची डोकी घासलेली असतील तर आतल्या सेटिंगवर विसंबू नका. पंप टेस्ट बेंचवर चढवून बूस्ट देऊन आणि न देता, दोन्ही वेळचं डिझेल मोजून घ्या, मगच पैसे द्या.