पर्जन्यमापकाच्या नोंदींवर पारखलेलं पायथॉनचं ‘इजक्लोज’

पर्जन्यमापकांच्या नोंदी तपासणारा प्रोग्रॅम मी सांभाळते. आमच्या यंत्रातली चिमुकली बादली ०.२ मिमी पाऊस साठला की कलंडते आणि एक नोंद पाठवते. दहा वेळा कलंडली की २ मिमी. पण पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ०.२ हा आकडा एकेक करून दहा वेळा मिळवला तर १.९९९९९९९९९९९९९९९८ येतात आणि ‘२ किंवा जास्त’ ही अट खोटी ठरते.

दोष पायथॉनचा नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ०.२ लिहायला गेलं तर तो कधी संपतच नाही आणि साठवायला ५३ बिट्स, म्हणजे असे ५३ अंकच, असतात. संगणकात अपूर्णांक साठवण्याचं आयईईई ७५४ हे १९८५ चं मानक पाळणाऱ्या जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतही हीच बेरीज हेच उत्तर देते. मला पाहायचं होतं ते एवढंच की अशा आकड्यांची तुलना करायला भाषा काय हत्यार देते.

ते हत्यार म्हणजे ‘मॅथ’ या गणिताच्या मॉड्यूलमधलं ‘इजक्लोज’ हे फंक्शन. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून ते पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. दोन आकड्यांतला फरक मोठ्या आकड्याच्या एक अब्जांशाच्या आत असेल तर ते त्यांना सारखं मानतं. वरची बेरीज आणि २ यांना त्याने बिनतक्रार सारखं ठरवलं. आकड्यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही, हे मला फार आवडलं. नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या वेगळ्या लायब्ररीतल्या त्याच नावाच्या फंक्शनमध्ये फरक फक्त दुसऱ्या आकड्याशी ताडला जातो, त्यामुळे सीमेवरच्या आकड्यांत क्रम उलटला की निकाल उलटू शकतो.

खरी कसोटी शून्यापाशी लागते. शेजारच्या दोन मापकांतला फरक शून्य आहे का, हे आम्ही रोज तपासतो. ०.१ आणि ०.२ च्या बेरजेतून ०.३ वजा केले की दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ५५५ असं काहीतरी उरतं. ‘इजक्लोज’ त्याला शून्यासारखं मानत नाही, कारण शून्याचा अब्जावा भाग शून्यच आणि उरलेल्याचा अब्जावा भाग त्याच्याहून कितीतरी लहान. अशा वेळी ‘ॲब्स टॉल’, म्हणजे किती फरक चालेल ती ठरावीक सूट, आपण द्यायची, मी ०.००१ मिमी देते. काहींना ही त्रुटी वाटते, मला नाही. माझं मोजमाप मिलिमीटरमध्ये आहे की प्रकाशवर्षांत, हे भाषेला कसं कळणार? नमपाय आपणहून ठरावीक सूट देतं आणि अतिसूक्ष्म आकडे सगळेच सारखे ठरवून मोकळं होतं. पायथॉनच्या दस्तऐवजात शून्याची ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे, तेवढा परिच्छेद जरूर वाचा.

उणीव आहे ती ‘जास्त किंवा जवळपास सारखं’ अशा तुलनेची. तसं तयार काही नाही. दोन अटी ‘किंवा’ने जोडाव्या लागतात आणि आमच्याकडे हीच तुलना सर्वांत जास्त लागते. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस, त्यामुळे उंबरठ्यावरचा प्रत्येक आकडा महत्त्वाचा.

हरवलेल्या नोंदींना, म्हणजे ‘नॅन’ला (‘हा आकडाच नाही’ अशी खूण), मात्र जपून. ‘नॅन’ स्वतःशीही सारखा नसतो, ‘इजक्लोज’ही तेच सांगतं, इथवर ठीक. पण ‘नॅन’ आणि १ यांच्या यादीत ‘नॅन’ आधी असेल तर सर्वांत मोठा आकडा काढणारं ‘मॅक्स’ ‘नॅन’ देतं, आणि १ आधी असेल तर १. दिवसातला सर्वाधिक पाऊस नोंदींच्या क्रमावर ठरणं मला अजिबात मान्य नाही, म्हणून ‘नॅन’ आधी गाळून घ्या.

पायथॉनच्या ३.१२ आवृत्तीपासून यादीची बेरीज करणाऱ्या ‘सम’ फंक्शनची बेरीज सुधारली आहे, तिथे दहा वेळा ०.२ चे बरोबर २ होतात. तरी आमच्या कामाला मी आता बादली किती वेळा कलंडली तो पूर्णांकच साठवते आणि ०.२ ने गुणते ते अगदी शेवटी. तापमान, वाऱ्याचा वेग असे ठरावीक तुकड्यांत मोजता न येणारे आकडे असतील तिथे ‘इजक्लोज’ वापरा, सूट आपल्या यंत्राच्या अचूकतेवरून ठरवून.